शेऱ्यात मावेल तेवढं

फोनच्या पडद्यावर ‘जोडणी नाकारली’ अशी अक्षरं उमटली आणि मला इतका आनंद झाला की आपण पोटमाळ्यावर बसलोय हे विसरून मी ताडकन उठले आणि डोकं वरच्या तुळईवर आपटलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. टाळू दाबून धरत मी पुन्हा खाली बसले आणि एकटीच हसायला लागले. सकाळपासून त्या जुन्या कॉम्प्युटरच्या मी हातापाया पडत होते, त्याने आत्ता कुठे तोंड उघडलं होतं. आमच्या कॉम्प्युटरवाल्यांच्या धंद्यात नकार दोन जातींचे असतात. एकात तुम्ही हाका मारत राहता आणि पलीकडून काही म्हणजे काहीच येत नाही. शेवटी फोनच कंटाळतो आणि ‘वेळ संपली’ म्हणून मोकळा होतो. त्या नकाराला काही अर्थ नसतो. दुसऱ्यात कोणीतरी दारापर्यंत येतं, तुमचं तोंड बघतं आणि ‘नाही’ म्हणून दार लावून घेतं. हा नकार मला फार आवडतो, कारण नाही म्हणायला तरी घरात माणूस लागतं. आणि माणूस आहे म्हटलं की मी दारातून हलत नाही.

‘‘काय पडलं गं?’’ वरून मावशीचा आवाज आला. पोटमाळ्याला एक वीतभर खिडकी आहे. ती इमारतीच्या मधल्या अरुंद मोकळ्या जागेत उघडते, आणि त्याच जागेत दुसऱ्या मजल्यावर मावशीच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडते. मावशी त्या खिडकीशी खुर्ची टाकून बसलेली असते.

‘‘डोकं!’’ मी ओरडले.

‘‘कुणाचं?’’

‘‘माझंच!’’

‘‘मग असू दे. मला वाटलं मुकुटांची पेटी पडली.’’

मावशीचं दुकान नाटकाचे कपडे भाड्याने देतं. राजे, राण्या, शिपाई, नर्सा, आगगाडीचे गार्ड, परी, दोन अस्वलं, एक सिंह ज्याची आयाळ कुणीतरी इस्त्रीने जाळली. पुढे गल्ला आणि आरसा, मागे छतापर्यंत टांगलेले कपडे, आणि शिडी चढून आलं की हा पोटमाळा, जिथे दाढ्या-मिशांचे खोके, लाकडी तलवारी आणि तो कॉम्प्युटर. सगळ्याला डांबरगोळ्यांचा वास. लहानपणी सुट्टीत मला इथे आणून सोडायचे तेव्हा मी राजाच्या झग्यात शिरून झोपायचे. झग्याच्या आत ऊन ऊन अंधार असायचा आणि बाहेर मावशी गिऱ्हाइकांशी भांडत असायची. मावशीचं भांडण ऐकत झोप लागण्यासारखं सुख मला पुढे कुठेच मिळालं नाही, मऊ गाद्यांवरही नाही. मावशीला एकेक कपडा तोंडपाठ होता. कुठल्या शिपायाचं तिसरं बटण गेलंय, कुठली परी डाव्या बाजूला उसवलीय, सगळं. पण एका वर्षी तिने एकच सेनापती एकाच संध्याकाळी दोन शाळांना कबूल केला. दोन्ही शाळांच्या बाई दुकानात समोरासमोर उभ्या राहिल्या आणि सेनापतीच्या एकेका बाहीला धरून ओढू लागल्या. त्या रात्री मावशी जेवली नाही. मी तेव्हा कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होते आणि जगातलं सगळं दुःख नीट मांडलं की मिटतं असं मला वाटायचं. मी म्हटलं, ‘‘मावशी, मी तुला डेटाबेस करून देते.’’ मावशी म्हणाली, ‘‘दे. फार महाग शिवू नकोस.’’

मग ती सुट्टी मी याच तुळईखाली काढली. घामाने बोटं कीबोर्डवरून घसरायची. मावशी खालून कपडा वर फेकायची आणि ओरडायची, ‘‘नर्स, मध्यम, गळ्याला शाई!’’ आणि मी तो झेलून एकेका रकान्यात बसवायचे. नाव, माप, कुठे टांगलाय, कुणाकडे गेलाय, कधी यायचाय. शेवटचा रकाना शेरा. त्या शेऱ्याला मी जेमतेम एका ओळीची जागा दिली होती. आमचे सर सांगायचे की जागा सांडू नका, जागा मौल्यवान असते, आणि मला सरांचं सगळं खरं वाटायचं. मावशीला मात्र एका ओळीत काहीही सांगता येत नाही. ती शेरा लिहायची, ‘ही राणी नेणाऱ्या बाईंनी घामाचे डाग पाडले आणि वर म्हणतात की आधी’, आणि वाक्य तिथेच तुटायचं. ‘‘आधी काय?’’ मी विचारायचे. ‘‘तुझ्या त्या खिडकीत माझं वाक्य मावत नाही!’’ मावशी म्हणायची, ‘‘वाढव ती.’’ ‘‘वाढवते,’’ म्हणायचे मी. नंतर नोकरी लागली, लग्न झालं, मुलं झाली, कॉम्प्युटर एकदा बदलला, पण त्यातला डेटाबेस तोच राहिला आणि शेऱ्याची खिडकी तेवढीच राहिली. मावशीने मग त्यावर आपली युक्ती काढली होती. ती काय होती हे मात्र मी पार विसरून गेले होते.

यंदा मावशी जिन्यावरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, खोलीतल्या खोलीत ती वॉकर धरून फिरू लागली, पण इमारतीला लिफ्ट नाही आणि दोन मजले उतरणं आता तिच्या नशिबात नाही, असं डॉक्टरांनी गोड शब्दांत सांगितलं. दुकान तिच्या पायांच्या दोन मजले खाली आणि ती वर. धाकटा, म्हणजे मावशीचा मुलगा, माझा मावसभाऊ, आपली नोकरी सांभाळून संध्याकाळी दुकानात बसून बघत होता. त्याने परीच्या जागी नर्स दिली. नर्सच्या जागी काहीच दिलं नाही. माणूस वाईट नाही तो, फक्त कपड्यांकडे बघून त्याला काही वाटत नाही. समोरच्या गादीवाल्याला गोदामासाठी जागा हवीच होती. धाकट्याने त्याला आज संध्याकाळी बोलावलं होतं आणि मला फोनवर म्हणाला होता, ‘‘ताई, माझी काही हौस नाहीये दुकान द्यायची. वर बसल्या बसल्या आईला सगळं दिसलं, तिला नोंदी करता आल्या, तर मी गादीवाल्याला परत पाठवतो. कपडे काढून द्यायला शिवणवाल्या बाई आहेतच. पण नाही जमलं तर तू मध्ये पडायचं नाहीस. कबूल?’’ मी कबूल म्हटलं. मावशीला कुणी विचारलं नव्हतं. ती खिडकीशी बसून सगळं ऐकत होती आणि कधी नव्हे ती गप्प होती. तेवढं मला पुरलं. मी ऑफिसात रजा टाकली आणि लॅपटॉप पाठीवर मारून आले.

ऑफिसात मी आता कोड लिहीत नाही. मी बैठकांना बसते. तरुण पोरं कोड लिहितात आणि मी त्यांना विचारते की कधी होईल. पहिल्यांदा ही बढती मिळाली तेव्हा पेढे वाटावेत तशी मी बातमी वाटली, आणि मग हळूहळू बोटं जड होत गेली. मधून एखाद्या पोराच्या खांद्यावरून पडद्यावर बघताना मला वाटायचं की हे मला येत होतं, हे माझं होतं. पण मी काही म्हणायचे नाही. वय झालं, नवीन गोष्टी आल्या, आता आपल्याला कोण विचारतंय. रजा टाकून घरी बसले आणि मोबाइल ॲपची पहिली ओळ लिहिली तेव्हा मात्र माझे कान गरम झाले. मुलगी विचारायला लागली, आई, तू कुणाशी बोलतेयस? मी कोडशी बोलत होते. डेटाबेसची एक नक्कल मी लॅपटॉपवर घेतली होती, ॲप आणि डेटाबेस यांच्यामध्ये निरोप्यासारखा एक छोटा प्रोग्राम लिहिला होता, आणि लॅपटॉपच्याच पडद्यावर एक खोटा फोन उघडून त्यात सगळं चालवून बघितलं होतं. काय पळत होतं! खोट्या फोनवर बोट ठेवलं की राण्या सरसर खाली उतरत. मी टाळ्या वाजवल्या होत्या, मुलीने डोक्याला हात लावला होता. आज फक्त तो निरोप्या या जुन्या कॉम्प्युटरवर बसवायचा, ॲप मावशीच्या खऱ्या फोनवर चढवायचं आणि दोघांची गाठ घालून द्यायची, एवढंच काम होतं. दुकानाचं वायफाय मावशीच्या खिडकीपर्यंत पोचतं हे मी आधीच बघून घेतलं होतं. अगदी अर्ध्या तासाचं काम, असं मी येताना धाकट्याला म्हटलंही होतं. मी असं म्हणायला नको होतं.

नकार मिळाल्यावर मी कॉम्प्युटरची समजूत काढायला लागले. आधी परवानग्या पाहिल्या. मग त्याचा तो पहारेकरी प्रोग्राम, जो बाहेरच्या कुणाला आत येऊ देत नाही, त्याला सांगितलं की बाबा रे, हा आपल्याच घरचा फोन आहे. पुन्हा फोनवर बोट ठेवलं. ‘जोडणी नाकारली.’ पहारेकऱ्याला मग पूर्ण सुट्टीच दिली. ‘जोडणी नाकारली.’ गंमत म्हणजे कॉम्प्युटर स्वतःशी नीट बोलत होता. त्याच्यावरच बसून विचारलं तर निरोप्या खडाखडा उत्तरं देत होता, राण्या किती, शिपाई किती. पडद्यावर कपड्यांची यादी उघडी होती आणि दर थोड्या वेळाने ती एकदा लुकलुकून ताजी होत होती, मी त्या सुट्टीत शिकवलं होतं तशी. म्हणजे घरात सगळे हसतखेळत जेवतायत आणि दारातल्या मला तेवढं नाही म्हणतायत. मला चेव आला. मी घामाने निथळत होते, केसांत कुठल्याशा दाढीचे केस अडकले होते, आणि मी खरं सांगते, कित्येक वर्षांत इतकी खूश नव्हते. खालून शिवणवाल्या बाईंचं मशीन कटकट कटकट चाललं होतं. मावशी दर दहा मिनिटांनी विचारत होती, ‘‘माझा फोन आहे ना तुझ्याकडे? मग मी काय वाऱ्याशी बोलू?’’

‘‘मावशी, जवळ आलंय!’’

‘‘जवळ आलंय, जवळ आलंय. नळवालाही असंच म्हणतो.’’

मग ऊन उतरायला लागलं, आणि माझा आनंद पातळ व्हायला लागला. धाकट्याचा निरोप आला, ‘निघालोय. गादीवाले काका पण येतायत. झालं का?’ मी त्या कॉम्प्युटरच्या करड्या, चेहरा नसलेल्या डब्याकडे बघत बसले आणि मला त्याचा खरोखर राग आला. मी तुला भरवलं, मी तुला शिकवलं, एकेक नर्स, एकेक शिपाई तुझ्या घशाखाली घातला, आणि आता तू मला ओळख देत नाहीस? ऑफिसातल्या त्या पोरांसारखाच तूही. ‘मॅडम, तुम्ही राहू द्या, आम्ही बघतो.’ असं ती पोरं म्हणतात, निदान त्यांच्या चेहऱ्यावर तसं असतं, असं मला वाटतं. मी डबा बंद करून पुन्हा चालू करावा म्हणून वाकले आणि बटण शोधण्याचाही धीर न उरल्यामुळे सरळ वायर धरून उपटली. पंख्याची घरघर हळूहळू बसत गेली. पडदा काळा झाला. पोटमाळ्यावर एकदम इतकी शांतता पसरली की खालच्या शिवणमशीनच्या सुईचे टाके मोजता आले असते.

आणि नुसत्या चिडीने, हात शिवशिवत होता म्हणून, मी फोनवर पुन्हा एकदा बोट ठेवलं.

‘जोडणी नाकारली.’

मी ते वाचलं. मग बंद पडद्याकडे बघितलं. वायर माझ्या हातात होती, तिचे पितळी पाय माझ्याकडे बघत होते. पुन्हा बोट ठेवलं. त्याच क्षणी, जराही विचार न करता, फोन म्हणाला, नाकारली. बंद कॉम्प्युटर नाही कसा म्हणेल? बंद असताना तो गप्प राहायला हवा होता, फोनने वाट बघून बघून कंटाळायला हवं होतं. मग मघापासून मला नाही म्हणतंय कोण? मी या खोलीत दुपारभर कुणाशी भांडतेय? दाढ्यांच्या खोक्यांमागे कुणीतरी बसलंय असं मला एक क्षण खरंच वाटलं. आणि मग ते माझ्या डोक्यात पडलं, तुळईपेक्षा जोरात. घरी लॅपटॉपवर काम करताना मी ॲपला डेटाबेसचा जो पत्ता दिला होता, तो होता लोकलहोस्ट. लोकलहोस्ट म्हणजे कुठे लांब नाही, मी जिथे आहे तिथेच, माझ्याच आत. लॅपटॉपवर ते खरं होतं, कारण तिथे डेटाबेस आतच होता. तेच ॲप मी जसंच्या तसं मावशीच्या फोनवर चढवलं. फोन बिचारा आज्ञाधारकपणे स्वतःच्याच आत जात होता, स्वतःच्या दारावर टकटक करत होता, आत कपडे नाहीत, राण्या नाहीत, कोणी नाही हे बघत होता, आणि तोच परत येऊन मला सांगत होता की नकार मिळाला. कॉम्प्युटरपर्यंत माझी हाक पोचलीच नव्हती. त्याला एकदाही कुणी काही विचारलंच नव्हतं.

ही चूक पहिल्या वर्षाची पोरं करतात. आम्ही त्यांना हसतो. मला लाज वाटायला हवी होती, पण मला वाटलं ते भलतंच काहीतरी होतं. तिथे डांबरगोळ्यांच्या वासात हातात वायर धरून बसलेली असताना मला ऑफिसातली ती पोरं दिसली, आणि त्यांच्यापैकी एकाच्याही तोंडून ‘राहू द्या’ हे शब्द मी कधी ऐकले होते का, ते मला आठवेना. मी कधी म्हटलंच नव्हतं, की सरक जरा, मला लिहू दे. मी माझ्याच आत जाऊन विचारत होते आणि माझ्याकडूनच नाही ऐकून परत येत होते, इतकी वर्षं, अगदी इमानदारीत. मला मोठ्याने हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मी हसले.

‘‘काय झालं गं? वेड लागलं का?’’ वरून मावशी.

‘‘मावशी, मी चुकीच्या घरी जात होते!’’

‘‘मग आता बरोबर घरी जा. पाच वाजून गेले.’’

वायर लावली. कॉम्प्युटर खोकत, कुरकुरत जागा झाला. निरोप्याला पुन्हा कामाला लावलं, यादी उघडून ठेवली. वायफायने त्याला दिलेला आकड्यांचा पत्ता मी पुटपुटत पाठ केला, कोडमधली ती एक ओळ पुसली, तिथे तो पत्ता लिहिला. एकही अक्षर चुकलं नाही. ॲप पुन्हा फोनवर चढवलं. पडदा पांढरा झाला, मधलं गोल चक्र फिरायला लागलं, आणि राण्या आल्या. शिपाई आले, नर्स आली गळ्याला शाई लागलेली, सिंह आला, अस्वलं आली, मी एकोणिसाव्या वर्षी एकेक करून झेललेले सगळेच्या सगळे माझ्या तळहातावर उतरले. मी शिडीवरून खाली आले की उडी मारली ते मला आठवत नाही. शिवणवाल्या बाईंनी विचारलं, ‘‘आग लागली का?’’ मी ‘हो’ म्हणून सुटले आणि दोन मजले चढून मावशीपुढे धापा टाकत उभी राहिले.

मावशीने चष्मा लावला. फोन हातभर लांब धरला. बोटाने यादी वर ढकलली, मग आणखी वर. तिच्या तोंडाकडे बघवेना म्हणून मी तिच्या वॉकरच्या रबरी पायांकडे बघत राहिले.

‘‘हे दुकान आहे?’’ मावशी म्हणाली.

‘‘हो.’’

‘‘आत्ताचं? खाली आत्ता आहे तसं?’’

‘‘आत्ताचं. तू इथे लिहिलंस की खाली उमटतं.’’

मावशीने पदर सारखा केला, दुकान उघडताना ती करायची तसा. मग एकदम माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘तू इथे काय करतेयस? खाली दुकानात कोण आहे?’’

मी खाली आले तेव्हा धाकटा आणि गादीवाले काका आत आलेले होते. काका मापाची टेप घेऊन भिंत बघत होते. त्यांचाही काही दोष नाही, भिंत बघितली की त्यांना गाद्या दिसतात. धाकट्याने भुवया वर केल्या. मी म्हटलं, ‘‘झालंय. तुझ्या आईच्या हातात आहे.’’ तो म्हणाला, ‘‘दिसतं एवढंच, की तिला लिहिता पण येतं? नुसतं बघून काय उपयोग, ताई?’’ मी त्याला ओढतच शिडीवर नेलं. आम्ही दोघं तुळईखाली वाकून त्या जुन्या पडद्यासमोर उभे राहिलो. यादी उघडी होती. कीबोर्डवर कुणाचाही हात नव्हता. पडदा एकदा लुकलुकला. काही नाही. पुन्हा लुकलुकला. काही नाही. धाकट्याने घड्याळ बघितलं आणि खाली वाकून म्हणाला, ‘‘काका, आलोच.’’ येत नसेल का तिला? सापडत नसेल का शेऱ्याची जागा? मी पळत वर जायला वळले, तेवढ्यात पडदा तिसऱ्यांदा लुकलुकला आणि ‘अस्वल, मोठं’ या नावासमोर अक्षरं होती.

‘चेन तुटलेली लिहिलीय आणि मला कुणी सांगितलं नाही. धाकट्याला म्हणावं दुका’

वाक्य तिथेच तुटलं होतं. मी दिलेली जागा संपली होती. धाकटा म्हणाला, ‘‘दुका? दुका काय?’’ आणि मला मावशीची ती युक्ती आठवली. मी त्याचा हात घट्ट धरला. ‘‘थांब. ती पुढच्या ओळीत लिहिते. वाक्य मावलं नाही की पुढच्या कपड्यात लिहिते.’’

पडदा लुकलुकला. ‘अस्वल, लहान’समोर आलं, ‘न मीच चालवणार आहे. गादीवाल्यांना चहा पाज आणि नीट वाटे’

पुन्हा लुकलुकला. ‘आगगाडीचा गार्ड’समोर आलं, ‘ला लाव. चेन आजच बदला. उद्या सकाळी अस्वल जायचंय, फोन आलाय.’

धाकट्याने तिन्ही ओळी बोट लावून वाचल्या, शाळेत वाचायचा तशा. मग पुन्हा एकदा वाचल्या. त्याचे ओठ हसायचं की नाही याचा विचार करत होते. ‘‘अगदी आई,’’ तो म्हणाला, आणि मग त्याला ते आवरलंच नाही, तो तोंडावर हात ठेवून इतका हसला की त्याचंही डोकं तुळईवर आपटलं.

‘‘काय पडलं?’’ वरून आवाज आला. फार दिवसांनी तो आवाज दुकानाचा आवाज होता.

धाकटा डोकं चोळत शिडी उतरला. खाली तो काय बोलतो ते ऐकायला मी शिडीच्या तोंडाशी वाकले. ‘‘काका,’’ तो म्हणाला, ‘‘ती टेप ठेवा हो. बसा, चहा मागवतो.’’ मीही शिडी उतरले, टांगलेल्या कपड्यांतून लहान अस्वल बाजूला सारून मोठं काढलं, मांडीवर घेतलं आणि त्याच्या पाठीची तुटकी चेन उसवायला लागले.